पंचसूना आणि शहरातले घर

गृहस्थाच्या घरात रोज पाच जागी जीवहत्या होते, असे जुन्या धर्मशास्त्राने सांगून ठेवले आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या त्या पाच जागा. त्यांना ‘पंचसूना’ म्हणतात. सूना म्हणजे खाटीकखाना. चुलीत लाकडातले किडे जळतात, जात्यात धान्यातले चिरडतात, केरसुणीखाली मुंग्या सापडतात, कांडताना अळ्या मरतात, पाणी भरता-ओतताना सूक्ष्म जीव दगावतात. गृहस्थाने दिवसभरात स्वयंपाकपाण्यापलीकडे काही केलेले नसले तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या नावावर पाच ठिकाणचा दोष जमा झालेला असतो. त्याची फेड म्हणून पाच महायज्ञ सांगितले आहेत. अध्ययन-अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, तर्पण हा पितृयज्ञ, होम हा देवयज्ञ, प्राणिमात्रांना अन्नातला वाटा हा भूतयज्ञ आणि आल्यागेल्याला जेवू घालणे हा नृयज्ञ. मराठी घरांतला वैश्वदेव, गोग्रास, कावळ्यासाठी बाहेर ठेवलेला घास ही याच विचाराची रोजच्या व्यवहारात उतरलेली रूपे.

पंचसूनांची ही मांडणी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात येते, आणि तेवढ्यावर पुढे जाणे योग्य नव्हे. याच ग्रंथाने माणसांची उतरंड लावली, म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याचे दहन झाले. पंचमहायज्ञांची कल्पना मात्र मनुस्मृतीहून पुष्कळ जुनी आहे; ती शतपथ ब्राह्मणात आणि तैत्तिरीय आरण्यकात आढळते. तिचा गाभा उतरंडीवर उभा नाही. घेतले आहे तर परत द्यायचे, एवढाच तो आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायानेही हेच सूत्र धरले आहे: जो न देता नुसता भोगतो तो चोर, आणि जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पापच खातो. शहरात राहून कमीत कमी ओरबाडत, शक्य तितके आपल्या बळावर कसे जगावे, हा आजचा प्रश्न या विचाराच्या अगदी जवळचा आहे. फक्त आज तो ‘पर्यावरण’ या खात्यात टाकला जातो आणि धर्माच्या खात्यात श्रावणातले उपवास तेवढे उरतात.

पंचसूनेचा विचार पहिल्याच पावलाला एक गोष्ट निकालात काढतो: निर्दोष घर असत नाही. संन्याशाने अग्नी सोडला, घर सोडले, भिक्षेवर राहिला, तर त्याला वेगळे नियम. पण ज्याने चूल मांडली, त्याला ‘माझ्या घराने कुणाचे काही घेतले नाही’ असे म्हणता येणार नाही. संपूर्ण स्वयंपूर्णतेचे जे आकर्षण आज अनेकांना वाटते, गच्चीवर भाजी, छतावर सौर पॅनेल आणि तळघरात पाण्याची टाकी असली की आपण जगाचे देणे लागत नाही असे जे वाटते, त्याला हा विचार सुरुवातीलाच अडवतो. देणे असतेच. ते किती आहे, कुणाचे आहे आणि ते फिटते कसे, हे पाहावे लागते.

जुन्या घरात हे देणे डोळ्यांसमोर होते. लाकूड कुठल्या रानातले, पाणी कुठल्या आडाचे, केर कुठल्या उकिरड्यात, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. शहरातल्या सदनिकेत पाचही सूना तशाच चालू आहेत, पण त्यांतली एकही घरात उरलेली नाही. शेगडीतला गॅस निम्म्याहून अधिक परदेशातून येतो, मुख्यतः आखाती देशांतून. जाते आणि उखळ या दोहोंची जागा मिक्सरने व गिरणीने घेतली, आणि त्यांच्यामागे वीज आली. घडा जाऊन नळ आला. केरसुणी आहे, पण केर दाराबाहेर ठेवला की नाहीसा होतो. हिंसा कमी झाली की लांब गेली, हे पाहायचे असेल तर नळाचा आणि तारेचा माग काढत जावे लागते.

विजेचा माग मुंबईकरांना मुळशीला नेतो. गिरण्यांना आणि वाढत्या मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळशी पेट्यात, मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे आणि ते पश्चिमेला घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडायचे, अशी योजना होती. मावळातल्या भातखाचरांचे मालक त्यासाठी जमिनीवरून उठणार होते. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मुळशी सत्याग्रह उभा राहिला. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या जगातल्या अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. बापट तुरुंगात गेले, लढा मोडला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. मुंबईत बटण दाबून दिवा लागला, पण त्या बटणापासून बुडालेल्या खाचरापर्यंतची वाट कुठल्याच घरातून दिसत नव्हती. आज विजेचा मोठा वाटा कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येतो. चंद्रपूरच्या हवेत आणि कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या तलावांजवळ राहणाऱ्यांना त्या वाटेचे दुसरे टोक चांगले माहीत आहे.

पाण्याची गोष्ट याहून जवळची. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव १८९२ सालचा. पुढे मोडकसागर आला, भातसा आला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून हे पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांनी शंभरेक किलोमीटर चालत महानगरात येते. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि टँकर आला की बायका हंडे-कळशा घेऊन विहिरीभोवती उभ्या राहतात, कारण टँकरचे पाणी पुष्कळदा विहिरीतच ओतले जाते आणि मग दोरीने शेंदून काढावे लागते. वर्षानुवर्षे उन्हाळा आला की वृत्तपत्रांत हे छापून येते. धरणाच्या काठाला तहान आणि शंभर किलोमीटरवर शॉवर, हे ज्या व्यवस्थेत घडते तिच्यात घड्याखाली दगावणाऱ्या सूक्ष्म जीवांची काळजी करणे कुणाला पोकळ वाटेल. ते पोकळ नाही. त्या काळजीचा परीघ तेवढा वाढवायला हवा. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जो प्रश्न उभा राहिला, तोही पाण्यावर हक्क कुणाचा हाच होता. घड्याची सूना केवळ किड्यामुंग्यांपुरती कधीच नव्हती.

केराचा माग सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण. मुंबईचे देवनारचे कचरा मैदान १९२७ पासून चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली आणि शहरभर धूर पसरला; एरवी तो धूर गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांच्या वाट्याला येतो. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत आला, तिथल्या विहिरींचे पाणी नासले, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आगीचे आणि विहिरी नासण्याचे कारण एकच आहे. ओला कचरा हवेशिवाय थरांखाली दाबला गेला की तो कुजताना मिथेन सोडतो, तो पेट घेतो. आणि त्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. म्हणजे देवनारच्या आगीचे मूळ इंधन घराघरांतल्या ओट्यावरून येते: सालींचे, देठांचे, उरलेल्या भाताचे. केर काढणाऱ्या हाताला त्याच्या केरसुणीखाली काय मरते हे पूर्वी दिसत होते. आज ते दिसायला गोवंडीला जावे लागते.

शहरातल्या घराने स्वावलंबी का व्हावे, याचे धार्मिक उत्तर इथे मिळते. पैसे वाचावेत म्हणून किंवा आपत्तीत तग धरता यावा म्हणून, ही उत्तरेही खरी आहेत, पण ती स्वतःपुरती आहेत. मुख्य उत्तर असे की घराने आपल्या सूना जितक्या परत उंबऱ्याच्या आत घ्याव्यात तितका त्यांचा भार दुसऱ्याच्या अंगावरून उतरतो, आणि ज्या आत घेता येत नाहीत त्या निदान ओळखीच्या होतात. हिंसा पुरती टळत नाही. पण ती नजरेआड राहिली की वाढतच जाते, आणि नजरेसमोर असली की माणूस तिला आवर घालतो.

किती आत घेता येतील, याचा हिशेब मात्र कोरडेपणाने करायला हवा. भाताचे पीक हेक्टरी अडीच-तीन टन येते असे धरले, तर चार चौरस मीटरच्या बाल्कनीत वर्षाकाठी किलोभर तांदूळ पिकेल. चौघांच्या घरात तो दोन दिवसही पुरणार नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला शिकवले, आणि पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत चांगले जगू शकते असे मांडले. ती मांडणी सूर्यप्रकाशाच्या, पानांच्या क्षेत्रफळाच्या आणि पालापाचोळ्याच्या बारकाईने केलेल्या हिशेबावर उभी आहे. पण दहा गुंठे म्हणजेही सुमारे हजार चौरस मीटर. सदनिकेच्या बाल्कनीच्या दोनअडीचशे पट. तेव्हा धान्य, डाळ, तेल यांत शहरातले घर स्वयंपूर्ण होणार नाही. ते मेथी, माठ, पुदिना, कढीपत्ता, मिरची, गवती चहा यांत काहीसे होईल, आणि तेवढे पुष्कळ आहे. पावसाचेही तसेच. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छतावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरूनही, ५६ हजार लिटर पाणी मिळते. शहरी पुरवठ्याचा माणशी रोज १३५ लिटर हा निकष लावला तर चौघांच्या एका घराला ते साडेतीन महिने पुरेल. पण तेच छत पाच मजल्यांवरच्या पाच कुटुंबांचे असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस दिवसांचे पाणी येते, आणि इमारत बारा मजली असेल तर आठवड्याभराचेच. शहराची घनता हाच इथला मूळ मुद्दा आहे: जमीन आणि आभाळ माणशी इतके थोडे उरते की एकट्याचे स्वावलंबन गणितातच बसत नाही.

गांधीविचारात हे बंधन आधीपासून ओळखलेले होते. १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी एकेका व्रताचा अर्थ उलगडला. तिथे अस्तेयाची व्याप्ती दुसऱ्याचे न उचलण्यापुरती राहत नाही. ज्याची गरज नाही ते घेणे ही चोरी. मग ते विकत घेतलेले असो वा कुणी हौसेने दिलेले असो. अपरिग्रह त्यालाच लागून येतो. स्वदेशीचा अर्थ त्यांनी शेजारधर्म असा लावला: सर्वांत जवळच्या माणसाची सेवा आधी. आणि परस्परावलंबन हे माणसासाठी स्वावलंबनाइतकेच ध्येय आहे, हेही त्यांनी स्वच्छ म्हटले होते. नाहीतर स्वावलंबी माणसाला अहंकार जडतो, ही त्यांची भीती होती. विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारला ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला. पैशाचा वापर सोडायचा, बाहेरून विकत काही आणायचे नाही, भाजी आणि कापूस आश्रमातच पिकवायचा, आणि बैलांशिवाय, हातांनीच ‘ऋषिशेती’ करायची. आश्रमवासीयांनी विहीर खणली, पाणी उपसले, कुदळी चालवल्या. हा प्रयोग शहरातल्या घराने जसाच्या तसा उचलायचा नाही. पवनारला धाम नदीचा काठ होता, जमीन होती, आणि नोकरीची वेळ गाठायची नव्हती. पण पैसा हा माणसाला त्याच्या घेण्याच्या परिणामांपासून कसा लपवतो, हे त्या प्रयोगाने जितके उघडे केले तितके कुठल्या पुस्तकाने क्वचितच केले असेल. पुस्तकांत त्याच्या जवळ जाते ते जे. सी. कुमारप्पांचे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभे करणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने ते जबलपूरच्या तुरुंगात लिहिले. निसर्गातली काही व्यवस्था परोपजीवी असते, काही लुटारू, काही उद्यमशील, काही समूहाची, आणि सर्वांत वरची सेवेची, अशी पायरी त्यांनी लावली. शहरातले घर या पायऱ्यांवर कुठे उभे आहे, हे कुणालाही एका दिवसाच्या खर्चाच्या वहीवरून पाहता येईल.

गांधी-विनोबांच्या व्रतांना जैन परंपरेची पार्श्वभूमी आहे, आणि शहरी गृहस्थासाठी सर्वांत कामाची शिस्त त्याच परंपरेत सापडते. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, बारा व्रतांत दिग्व्रत आहे: आपला व्यवहार कुठल्या दिशेला किती अंतरापर्यंत करायचा याची मर्यादा बांधून घेणे. देशावकाशिक व्रतात तीच मर्यादा दिवसापुरती आणखी आखडायची. भोगोपभोग-परिमाण व्रतात खाण्याच्या पदार्थांची, कपड्यांची, भांड्यांची, वाहनांची संख्या ठरवायची. याशिवाय श्वेतांबर ग्रंथांत गृहस्थाने टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी आहे. त्यांत कोळसा पाडणे आहे, जंगल तोडणे आहे, रानाला आग लावणे आहे, आणि तळी-सरोवरे आटवणेही आहे. अडीच हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या धर्माने तळी-सरोवरे आटवण्याला पापांच्या यादीत बसवले, हे शहरे वाढवणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. या व्रतांचे बलस्थान असे की ती आकडा मागतात. ‘साधे राहावे’ हा उपदेश हवेत विरतो. ‘यंदा इतकेच कपडे’, ‘ही वस्तू इतक्या अंतरापलीकडून आणणार नाही’ हा संकल्प मोडला तर मोडल्याचे कळते. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैन शेतकरी कुटुंबांत चातुर्मासापुरते असे नियम घेण्याची रीत अजून आहे. मुदत असल्याने ते झेपतात, आणि मुदत संपली की फेरविचार करता येतो.

आत घेता येण्याजोग्या सूनांत केर पहिला. ओल्या कचऱ्याचे घरीच खत करणे हा शहरातला सर्वांत सोपा आणि सर्वांत अर्थपूर्ण भूतयज्ञ आहे. भोके पाडलेला ड्रम किंवा मातीच्या कुंड्यांची उतरंड, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर रोजच्या साली-देठांचा थर आणि प्रत्येक थरावर मूठ-दोन मुठी वाळका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा. सगळे रहस्य या कोरड्या थरात आहे. ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त. कोरड्या पाल्यात कर्ब जास्त. साधारण एका भागाला पंचवीस-तीस भाग असे नत्र-कर्बाचे प्रमाण जमले आणि हवा खेळती राहिली की जिवाणू आणि बुरशा निवांत काम करतात. कोरडे कमी पडले तर ढीग चिकट होतो आणि आंबूस, कधी नाकाला झोंबणारा वास सुटतो. अशा वेळी लोक घाबरून कुंडी बंद करतात, तेव्हा खरे तर पाला घालून ती उपसून हलवायची असते. पावसाळ्यात करड्या, जाडसर अळ्या दिसतात; त्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ नावाच्या माशीच्या, माणसाला निरुपद्रवी, आणि कचरा भराभर फस्त करणाऱ्या. दोनेक महिन्यांत बादलीभर कचऱ्याचे ओंजळ-दोन ओंजळी काळे, मातीच्या वासाचे खत होते. ते कुंडीतल्या मेथीला जाते, मेथी ओट्यावर येते, देठे पुन्हा ड्रममध्ये. घरातला एक तरी फेरा इथे पुरा होतो, आणि ज्यांना घास द्यायचा त्या प्राणिमात्रांना तो रोज मिळतो. कावळा यायची वाट पाहावी लागत नाही.

जैन दृष्टी इथे अडते, आणि तिचे अडणे मोलाचे आहे. कुजणे म्हणजे असंख्य जीवांचे जन्मणे आणि मरणे. उष्ट्या अन्नात ठरावीक वेळानंतर, सुमारे ४८ मिनिटांनी, सूक्ष्म जीव उपजतात अशी त्या परंपरेची धारणा. म्हणून अनेक जैन घरांत जेवण झाल्यावर ताटात पाणी घालून, ताट विसळून ते पाणी पिऊन टाकतात. उष्टे उरतच नाही. एका परंपरेत खताची कुंडी हे अन्नछत्र ठरते, दुसऱ्या परंपरेत ती टाळण्याजोगी हिंसा. दोन्ही बाजू आपापल्या तर्काने खऱ्या आहेत, आणि व्यवहारात त्या एकमेकींना पूरक ठरतात. ताटात टाकायचे नाही, हे जैन शिकवणीकडून घ्यावे. सालींना आणि देठांना मात्र मातीची वाट दाखवावी. सोय म्हणून दोन्ही टाळणाऱ्याला कुठल्याच परंपरेचा आधार उरत नाही.

चुलीच्या बाबतीत पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, घरगुती टाक्यांचे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले. २००६ साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी उरलेला भात, खराब झालेले पीठ, फळे असे पिष्टमय आणि गोड पदार्थ घातले तर वजनाच्या मानाने कितीतरी जास्त गॅस आणि तोही लवकर मिळतो, कारण शेणातले सत्त्व जनावराने आधीच पचवलेले असते. बंगल्याच्या अंगणात आणि छोट्या खाणावळीत हे जमते. सदनिकेत जागेअभावी क्वचित. छतावरच्या सौर पॅनेलांचे गणितही मजल्यांनी भागले जाते. सौर बंब मात्र पाच-सहा मजली इमारतींत चांगला चालतो, आणि आंघोळीचे पाणी तापवायला लागणारी वीज वाचवतो.

या सगळ्याला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हे काम कोण करणार? पाचही सूनांची साधने पूर्वी बाईच्या हातात होती. जात्यावरच्या ओव्या गोड असल्या तरी पहाटेचे दळण गोड नव्हते, आणि मिक्सरने व नळाने तिच्या आयुष्यातले तास तिला परत दिले. शाश्वत घर म्हणून पुन्हा तिलाच पाट्यावर वाटायला बसवायचे, किंवा ओला-सुका वेगळा करण्याचे काम घरकाम करणाऱ्या बाईंवर ढकलायचे आणि पुण्य मालकांनी घ्यायचे, हा धर्म होऊ शकत नाही. गांधीजींचे शरीरश्रमाचे व्रत इथे कसाला लागते: आपल्या भाकरीपुरते अंगमेहनतीचे काम प्रत्येकाने स्वतः करावे, आणि त्यात घाणीचे काम वगळू नये. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ते अक्षरशः जगून दाखवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. ते उच्चवर्णीयाला देता येत नाही म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्न सोडले आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांना उपवासाने साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले. घाणीचे काम जातीवर टाकलेले असेपर्यंत स्वच्छता हा पुण्याचा विषय होऊच शकत नाही, हे त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले.

म्हणूनच जुन्या स्वयंपूर्ण गावाकडे परत जाण्याची भाषा जपून वापरावी लागते. गाव स्वयंपूर्ण होते ते बलुतेदारीवर, आणि बलुत्याच्या टोकाला ज्यांना मेलेली जनावरे ओढावी लागत त्यांना त्या स्वयंपूर्णतेत पाणवठाही नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर जो प्रहार केला, त्याच्यामागे हाच अनुभव होता. कष्टकरी जातींतल्या लाखो माणसांसाठी शहर ही सुटका होती. तिथे नळ जात विचारत नव्हता. शहरातल्या स्वावलंबनाने ही सुटका जपायलाच हवी.

तेव्हा गणित आणि न्याय दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात: शहरात स्वावलंबनाचे माप सदनिका नसून इमारत, गल्ली आणि वस्ती आहे. छत सामाईक आहे तर पावसाचे पाणीही सामाईक टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला जाते; आवाराच्या कोपऱ्यातला खतखड्डा वीस घरांचा पाला आणि साली एकत्र घेतो, आणि मोठा ढीग लहान कुंडीपेक्षा जास्त तापून लवकर कुजतो. पंचमहायज्ञांतला पाचवा, नृयज्ञ, इथे कामाला येतो. पूर्वी अतिथी दारात येत असे. आज रोज दारात येणारा माणूस म्हणजे कचरा नेणारा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. या कामातल्या बहुसंख्य बाया दलित समाजातल्या आहेत. त्यांना घरामागे ठरलेले शुल्क वेळेवर देणे, सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर खूण करणे, फुटलेली काच उघडी न टाकणे, सुका कचरा धुऊन-वाळवून देणे, ही आजच्या नृयज्ञाची सामग्री. सुक्या कचऱ्याची विक्री हे त्यांच्या कमाईचे साधन असल्याने, तो न भिजता हातात पडला तर त्यांच्या मिळकतीत सरळ भर पडते.

धान्य-भाजीच्या बाबतीत शेजारधर्माचा परीघ जरा मोठा धरावा लागतो. घर पिकवू शकत नाही ते जवळच्या शिवारातून, हंगामाप्रमाणे आणि शक्यतो पिकवणाऱ्याच्याच हातून घ्यावे. राज्य सरकारने शहरांत सुरू केलेल्या शेतकरी आठवडे बाजारांना संत सावता माळी यांचे नाव दिले आहे. अरणच्या या माळ्याने पंढरीची वारी केली नाही, असे सांगतात. त्याचा विठ्ठल त्याच्या मळ्यातल्या भाजीतच होता, वाफ्याला पाणी देणे हीच पूजा होती. त्या बाजारात मेथीची जुडी घेणारा ग्राहक भाव पाडून मागतो की पिकवणाऱ्याला पुरेल असा देतो, यावर त्या घराचा धान्य-भाजीपुरता हिशेब ठरतो. नळाचा आणि विजेचा हिशेब असा हातोहात चुकता होत नाही. तिथे मीटरवरचा आकडा उतरवणे घराच्या हातात आहे. शहापूरच्या पाड्यांना आधी पाणी मिळावे, कोळशाच्या राखेजवळच्या गावांची हवा मोजली जावी आणि सुधारावी, यासाठी महापालिकेकडे आणि सरकारकडे आग्रह धरणे, मत देताना ते लक्षात ठेवणे, हे नागरिक म्हणून करावे लागते, आणि पाण्याची पट्टी भरल्याने ते काम संपत नाही.